दारातली लहान गाडी किती वर्षं ठेवावी?

तुरीची रास झाली, माल आळंदच्या नाहीतर कलबुरगीच्या बाजारात गेला आणि पट्टी हातात आली, की मादन हिप्परगा आणि आळंद तालुक्यातल्या इतर गावांत दोन खर्चांची बोलणी सुरू होतात. एक लग्नाचा, दुसरा गाडीचा. ज्याच्या दारात गाडी नाही तो घ्यायची म्हणतो. ज्याच्या दारात पाच-सहा वर्षांची अल्टो किंवा वॅगन-आर आहे, त्याला कोणीतरी सांगतंच, ‘आत्ता भाव आहे तोवर काढून टाका, पुढं कोणी विचारणार नाही.’ हा सल्ला शोरूममध्ये मिळतो, लग्नाच्या मांडवात मिळतो, सोलापूरहून आलेले पाव्हणेही तोच देतात. लहान गाडी दर पाच वर्षांनी बदलावी, यात शहाणपण आहे असं आपण आता धरूनच चालतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बिदर-कलबुरगीकडच्या कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवर राहणाऱ्या, शेतीवर किंवा बेताच्या पगारावर चालणाऱ्या घरासाठी हा सल्ला तोट्याचा आहे. गाडी बारा-पंधरा वर्षं वापरावी. याला एकच मोठा अपवाद आहे. तो जिवाचा असल्यामुळे त्यावर पुढं सविस्तर लिहिलं आहे.

गाडी बदलण्याचा प्रश्न आपल्याकडं तसा अलीकडचा. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स उभी केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या फियाटसाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबत. नवीच मिळायची मारामार, तिथं बदलणार कोण? १४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० आली, किंमत ४७,५०० रुपयांच्या आसपास, आणि मोटार पहिल्यांदा मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. १९९३ मध्ये मोटारधंद्यावरचा परवाना उठला, १९९८ च्या अखेरीस पुण्यात बनलेली इंडिका आली, त्यामागून बँकांची वाहनकर्जं आली. हप्त्यानं गाडी मिळू लागली तेव्हाच ती दर काही वर्षांनी बदलायची सवय रुजली. अमेरिकेत ही सवय १९२० च्या दशकात लावली गेली. जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोन यांनी दरवर्षी मॉडेलमध्ये थोडा फरक करायचं धोरण आणलं. चांगली चालती गाडीही मालकाला जुनी वाटू लागावी, हा त्यामागचा उद्देश. त्याच अमेरिकेत २०२४ मध्ये रस्त्यावरच्या गाड्यांचं सरासरी वय साडेबारा वर्षांच्या वर गेलेलं होतं. ज्यांनी ही सवय जगाला लावली ते लोकच आता गाडी जास्त वर्षं ठेवतात.

आता हिशोब मांडू. उदाहरणादाखल शोरूमच्या ६ लाख किमतीची गाडी धरा. कर्नाटकात ५ ते १० लाखांच्या गाडीला १४ टक्के आजीव कर आणि त्या करावर पुन्हा उपकर, म्हणजे ९० हजारांच्या वर पैसे करातच गेले. विमा, नोंदणी धरून गाडी दारात येईपर्यंत ७ लाख ३० हजार झाले असं समजा. विमा कंपन्यांचं घसाऱ्याचं कोष्टक ठरलेलं आहे: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचव्या वर्षी ५०. बाजार याहून थोडा उदार असतो. खपाची लहान गाडी नीट ठेवली असेल तर पाच वर्षांनी ६० टक्के येतील असं मोकळ्या हातानं धरू, म्हणजे ३ लाख ६० हजार. तरी ३ लाख ७० हजार गेलेच. वर्षाला ७४ हजार. यात पेट्रोल नाही, सर्व्हिसिंग नाही.

तीच गाडी पंधरा वर्षं ठेवली आणि शेवटी ६० हजारांना दिली, तर ६ लाख ७० हजार पंधरा वर्षांत विभागले जातात. वर्षाला ४५ हजार. जुन्या गाडीला दुरुस्ती जास्त लागते, तेव्हा पुढच्या दहा वर्षांसाठी जादा २ लाख धरा. एकूण ८ लाख ७० हजार. पाच-पाच वर्षांच्या तीन गाड्यांना ११ लाख १० हजार लागतात. फरक २ लाख ४० हजारांचा. शिवाय दुसऱ्या आणि तिसऱ्या गाडीसाठी साडेतीन-साडेतीन लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं, तर दोन्ही मिळून १ लाख ७० हजारांच्या आसपास व्याज भरावं लागेल. सगळं मिळून ४ लाखांच्या वर. २०२५-२६ साठी तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये आहे. त्या भावानं ही पन्नास क्विंटलहून जास्त तूर होते. कोरडवाहू रानात एकरी चार क्विंटल आली तरी समाधान मानायचं, अशा भागात तेरा एकरांचं एक साल नुसत्या गाड्या बदलण्यात गेलं. आणि पंधरा वर्षांत नव्या गाडीची किंमत एक रुपयानंही वाढणार नाही असं धरून हा हिशोब केलेला आहे.

शेवटचा हप्ता फिटल्यानंतरच्या महिन्यापासून गाडी खऱ्या अर्थानं घराची होते. महिन्याचे दहा हजार मोकळे होतात. नेमकं त्याच वेळी ‘एक्सचेंज बोनस’चा फोन येतो, आणि माणूस पुन्हा पाच वर्षांच्या हप्त्यात अडकतो. पगारदाराला हप्ता निदान महिन्याच्या महिन्याला कापता येतो. शेतकऱ्याचा पैसा वर्षातून एकदा, फार तर दोनदा येतो. काही वित्तसंस्था त्याला सहामाही हप्ता बांधून देतात. तो सोयीचा वाटतो, पण एक हंगाम कोरडा गेला की दोन हप्ते एकदम अंगावर येतात. कर्ज काढायचंच तर आयुष्यात कमीत कमी वेळा काढावं.

भाव पडण्याची भीती मात्र खोटी म्हणता येणार नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा उपकरही गेला. पेट्रोलची लहान गाडी त्यामुळे साधारण साडेआठ टक्क्यांनी स्वस्त झाली. नवी स्वस्त झाली की जुनीचा भाव आपोआप खाली येतो. ऑगस्टमध्ये गाडी घेतलेल्याला महिनाभरात त्याचा फटका बसला. पण हा फटका विकणाऱ्यालाच बसतो. जो वापरणार आहे त्याच्या गाडीचं त्या दिवशी काहीच बिघडलं नाही. विकायचा भाव डोक्यात ठेवून गाडी वापरणाऱ्याला अशा प्रत्येक बातमीची धास्ती असते.

सीमेवरच्या गावांना आणखी एक मोह असतो. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के कर आहे, म्हणजे आपल्या उदाहरणातल्या गाडीला ६६ हजार. कर्नाटकापेक्षा सत्तावीस हजार कमी. मग सोलापूरच्या किंवा उमरग्याच्या पाव्हण्यांच्या नावावर, एमएच-१३ किंवा एमएच-२५ नंबरानं गाडी घ्यायची आणि वापरायची मादन हिप्परग्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ४७ सांगतं की दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून जास्त राहिली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्याहून मोठी अडचण नावाची. आरसी पाव्हण्यांची, विमा पाव्हण्यांचा, अपघात झाला की नोटीसही त्यांच्याच दारात. दर पाच वर्षांनी गाडी बदलणाऱ्याला हे सत्तावीस हजार फार वाटतात, कारण ते त्याला पुन्हा पुन्हा भरावे लागतात. पंधरा वर्षं वापरणाऱ्याला ते वर्षाला अठराशे रुपये पडतात. अठराशे रुपयांसाठी बहिणीच्या घरच्यांना कोर्टाच्या वाटेवर उभं करू नये. पलीकडची जुनी गाडी स्वस्त मिळाली म्हणून आणणाऱ्यांनीही आधी बेरीज करावी: तिथल्या आरटीओचं फॉर्म २८ चं ना-हरकत पत्र, इथं गाडीच्या वयाप्रमाणे पुन्हा कर, आणि तिकडं भरलेल्या कराचा परतावा मागण्यासाठी वेगळे हेलपाटे.

जुनी गाडी दगा देते, हा बदलणाऱ्यांचा सर्वांत जोरदार मुद्दा. रात्री-अपरात्री म्हाताऱ्या माणसाला घेऊन सोलापूरच्या दवाखान्यात निघायचं आणि गाडी चालू होऊ नये, यासारखी हतबलता नाही. म्हणून इथं गाडी नेमकी कशानं खराब होते ते पाहायला हवं. या भागात बऱ्याच घरांची गाडी वर्षाला सहा-आठ हजार किलोमीटरच्या पुढं जात नाही. लग्नं, दवाखाना, गाणगापूर, अक्कलकोट, तुळजापूर, मधूनच पंढरपूर. बाकीचे दिवस ती उभी असते. अशा गाडीचं इंजिन फारसं झिजत नाही. झिजतं ते खालचं. काळ्या रेगड जमिनीवरचे रस्ते पावसाळ्यात फुगतात, उन्हाळ्यात आकसतात, आणि डांबर लाटांसारखं वर-खाली होतं. त्यावरून जाताना लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, शॉकअप यांना सगळा मार बसतो. तूर काढल्यावर रानात उरलेली धसकटं सुऱ्यासारखी टोकदार असतात. बांधावरून गाडी घातली की टायरची बाजूची भिंत फाटते, आणि तिथं पंक्चर काढता येत नाही. पावसाळ्यात शेडमध्ये उभ्या गाडीच्या बॉनेटखाली उंदीर शिरतात आणि वायरिंग कुरतडतात. उभी राहून राहून बॅटरी बसते.

यातलं काहीही गाडी काढून टाकण्यासारखं नाही. जाणता मिस्त्री गाडीचं पुढचं चाक जॅकवर उचलतो, चाक वर आणि खाली धरून हलवतो. कटकट आली तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. मग डावी-उजवीकडून धरून हलवतो. तिथं खेळ लागला तर टाय रॉडचं टोक. मडगार्डच्या आत वाळून बसलेली काळी माती बोटानं काढून रबराला चिरा पडल्यात का पाहतो. पाच मिनिटांत गाडीचं खरं वय कळतं, आरसीवरचं नव्हे. बुश आणि लिंक रॉड काही हजारांत होतात, क्लच प्लेट दहा हजारांच्या आसपास, चार टायर पंधरा-अठरा हजार. सगळं एकाच वर्षात निघालं तरी नव्या गाडीच्या एका वर्षाच्या घसाऱ्याच्या निम्म्यावर जात नाही. टायरच्या बाबतीत मात्र कंजुषी नको. त्याच्या बाजूला चार आकडे छापलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. कमी चालणाऱ्या गाडीच्या टायरवर नक्षी शिल्लक दिसते, पण सहा-सात वर्षांत रबर कडक होऊन त्याला चिरा पडतात. दगा टाळायचा तर दर वर्षी पावसाळ्यापूर्वी एकदा अशी तपासणी आणि चार-पाच वर्षांनी नवी बॅटरी, एवढं बऱ्याचदा पुरतं.

गाडी दीर्घकाळ ठेवायची तर ती निवडतानाच पुढचा विचार लागतो. शेवरलेनं २०१७ च्या अखेरीस भारतात गाड्या विकणं थांबवलं, फोर्डनं २०२१ मध्ये, दॅटसन २०२२ मध्ये गेली. बीट, फिगो, रेडी-गो या गाड्या काही वाईट नव्हत्या, पण कंपनी गेली की भाव पडतो आणि सुट्या भागांसाठी शहरं पालथी घालावी लागतात. आळंदमध्ये जिचा मिस्त्री आहे आणि कलबुरगी-सोलापुरात जिचे पार्ट रोज मिळतात, तीच गाडी घ्यावी.

रोज गाडीनं ये-जा करणाऱ्यांचा हिशोब थोडा वेगळा. समजा एखादे शिक्षक रोज साठ किलोमीटर जातात-येतात, वर्षात २३० दिवस. जवळजवळ चौदा हजार किलोमीटर झाले. जुनी गाडी लिटरला १८ देते आणि नवी २४ देईल असं धरलं तर वर्षाला १९० लिटर पेट्रोल वाचेल, म्हणजे वीस हजारांच्या आत. ‘नवी गाडी पेट्रोलमध्येच पैसे काढते’ हे म्हणणं या आकड्यापुढं टिकत नाही. तरीही त्यांची गाडी दहा वर्षांत दीड लाख किलोमीटरला पोचते, म्हणून त्यांनी आठ-दहा वर्षांनी बदलावी, हे मला पटतं. विजेच्या गाडीचा विचारही त्यांनीच आधी करावा. टियागो ईव्ही २०२२ पासून बाजारात आहे, बॅटरीला आठ वर्षांची हमी मिळते, आणि रोजचं ठरलेलं अंतर असणाऱ्याला घरी चार्जिंग जमतं. घरात एकच गाडी आणि तीही अचानक हैदराबादच्या दवाखान्यासाठी लागणारी, अशा कुटुंबानं अजून थांबावं.

बदलायचीच वेळ आली तर नवीच घ्यावी असं नाही. अमेरिकेचे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढं २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं त्यात या निबंधाचा मोठा वाटा होता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: गाडीतली खोट विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. त्यामुळे घेणारा सगळ्याच गाड्यांना कमी भाव देतो, चांगल्या गाडीचे मालक विकायलाच येत नाहीत आणि बाजारात खराब माल उरतो. पुण्या-मुंबईच्या बाजाराला हे तंतोतंत लागू आहे. गावात मात्र उलटी गोष्ट असते. अमक्याची गाडी कोणी चालवली, ती नाल्यात कधी घसरली, कोणत्या मिस्त्रीकडं किती दिवस पडून होती, हे सगळ्या गल्लीला ठाऊक असतं. सीमाभागातल्या माणसाकडं ही फार मोठी पुंजी आहे, आणि आपण ती वापरत नाही. ओळखीच्या घरातली तीन-चार वर्षांची गाडी घेतली तर पहिल्या वर्षांचा मोठा घसारा दुसऱ्यानं सोसलेला असतो आणि गाडीचा इतिहासही माहीत असतो. शेतकरी घरासाठी याहून चांगला सौदा मला दिसत नाही. विकणाऱ्यानं एक लक्षात ठेवावं: विम्यातला ‘नो क्लेम बोनस’, जो पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत जातो, तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घेतलं की पुढच्या गाडीला तो लागू होतो.

आता तो अपवाद. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेनं भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान गाड्यांच्या एअरबॅग नसलेल्या आवृत्त्या धडकवून पाहिल्या. अल्टो ८००, नॅनो, आय-टेन, फिगो आणि पोलो. मोठ्यांच्या सुरक्षेत पाचांनाही शून्य तारे मिळाले. त्यानंतर नियम आले. धडक-चाचणी ऑक्टोबर २०१९ पासून सर्व मॉडेलना लागू झाली, एबीएस ब्रेक एप्रिल २०१९ पासून, चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून, शेजारच्या सीटची एअरबॅग जानेवारी २०२२ पासून. म्हणजे २०१९ पूर्वीची स्वस्त आवृत्तीतली गाडी आणि आजची गाडी यांच्यात रंगरूपाचा नव्हे, जिवाचा फरक आहे.

आपल्याकडं हा फरक जास्तच भोवतो. उसाच्या हंगामात भुसनूरच्या कारखान्याकडं जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या रात्री रस्त्यावर असतात; मागं दिवा नाही, चमकणारी पट्टी नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड डोळ्यांवर असताना ट्रॉली दिसते ती शेवटच्या क्षणी. करकचून ब्रेक दाबला की एबीएस नसलेल्या गाडीची चाकं लॉक होतात आणि स्टिअरिंग फिरवूनही ती सरळ घसरत जाते. एबीएस असेल तर ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता येते. उमरगा-हुमनाबादकडं पुणे-हैदराबाद महामार्गावर ट्रकांच्या रांगेत शिरल्यावर तर पत्र्याच्या हलक्या गाडीत बसलेल्यांचं काय होतं, हे या भागात कोणाला सांगायला नको. म्हणून ज्यांची गाडी एअरबॅग आणि एबीएस नसलेली आहे आणि जी कुटुंबाला घेऊन महामार्गावर जाते, त्यांनी भाव बघत बसू नये. पैसे कमी असतील तर २०२२ नंतरची जुनी गाडी घ्यावी, पण बदलावी. आणि नव्या गाडीत बसल्यावर मागच्या सीटवरच्यांनीही पट्टा लावावा.

‘पंधरा वर्षांनी सरकार गाडी भंगारात काढतं’ ही समजूतही बऱ्याच चांगल्या गाड्यांच्या मुळावर येते. दहा वर्षांची डिझेल आणि पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी यांवरची बंदी दिल्ली परिसरापुरती निघाली. कर्नाटकात किंवा महाराष्ट्रात तशी बंदी नाही. नोंदणी पंधरा वर्षांची असते. गाडी तपासून ती पुढं पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. एप्रिल २०२२ पासून त्याचं शुल्क ६०० वरून ५,००० झालं, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी १०,००० झालं. तिथवर आलेली गाडी अधिकृत केंद्रात मोडीत काढली तर नव्या खासगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद २०२१ च्या धोरणात आहे. जुन्या गाड्यांना एक खरी अडचण इथेनॉलमिश्रित पेट्रोलची आहे. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल असतं, आणि एप्रिल २०२३ पूर्वीच्या पुष्कळ गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. मायलेज थोडं कमी होतं, इंधनाच्या रबरी नळ्या लवकर खराब होतात. टाकीत पेट्रोल भरून गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नये, आणि सर्व्हिसिंगला नळ्या तपासून घ्याव्यात.

गाडी पाचव्या वर्षी विका की पंधराव्या, विकताना एक काम दुसऱ्यावर सोडू नका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून, पैसे मोजून घेऊन गाडी देऊन टाकायची आणि नाव बदलण्याचं काम घेणाऱ्यावर किंवा एजंटावर सोपवायचं, अशी आपल्याकडं रीत पडली आहे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच मालक, मग गाडी मध्ये कितीही हातांतून गेलेली असो. त्या गाडीखाली माणूस सापडला तर भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या नावावर येते. गाडी सीमेपलीकडं गेली असेल तर तिचा माग काढणंही कठीण. तेव्हा नव्या मालकाच्या नावाची आरसी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणि तिची प्रत घरात ठेवल्याशिवाय गाडी विकली असं समजू नका.